टाइम ऑफिस

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत
माझं मोटारी रिवाइंड करायचं वर्कशॉप आहे.
सात माणसं. आठवी मी,
हिशेबाला, आणि कोणी नसलं की चहाला.

किरीट शिर्के तेरा वर्षं माझ्याकडे.
त्याच्या कॉइलवरून बोट फिरवा,
एक वेढा वर नाही, एक खाली नाही.
गेल्या दिवाळीनंतर त्याच्या वेढ्यांत
फटी दिसू लागल्या.
दोन मोटारी जळून परत आल्या.
मी ओरडले. तो म्हणाला, चूक झाली, बेन.
एवढंच.

कारण कळलं पगाराच्या दिवशी,
तेही सेव-उसळीच्या गाडीवाल्याकडून:
याचे वडील घरातून निघून जातात.
दांडिया बाजारातून, रिकामा डबा घेऊन,
कधीच बंद पडलेल्या गिरणीत
पहिल्या पाळीला.

मग मी मोठ्या मनाची झाले.
त्याला केबिनमध्ये बसवलं, पंखा वाढवला,
म्हटलं, महिनाभर रजा घे, पगार चालू.
मला वाटलं, याचे डोळे भरून येतील.
तो टेबलावरच्या वार्निशच्या डागाकडे बघत म्हणाला,
आणि महिन्यानंतर?
बाबा महिन्याभरात बरे होणारेत का, बेन?

रजा नको.
फोन खिशात राहू द्या, मशीनवर असलो तरी.
साडेआठऐवजी दहाला येऊ द्या,
बायको दोन घरचे डबे करून साडेनऊला परतते.
संध्याकाळी तेवढं जास्त बसेन.
आणि रोज रोज विचारू नका, कसे आहेत बाबा.
बुधवारी विचारा.

मी वहीत लिहून घेतलं.
इतकं स्वस्त मागणं
तेरा वर्षांत कोणी मागितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

चंदू परमार कुरकुरला, मग आम्हालाही दहा करा.
तुझ्या घरी काय आहे, मी जरा तोऱ्यातच विचारलं.
तो हात पुसत राहिला, बराच वेळ.
सासू आहे. ऑपरेशन झालंय.
दिवसातून चारदा डोळ्यांत थेंब टाकायचे असतात.
आता तो एकला सायकल काढतो,
वीस मिनिटांत परत.

किरीटनं घराच्या दाराला आतून
वर्कशॉपचा नंबर रंगवलाय, हातभर मोठा.
एका सकाळी फोन वाजला:
हॅलो, टाइम ऑफिस?
मी म्हटलं, राँग नंबर.
पलीकडे श्वास. मग हळूच,
म्हणजे माझा खाडा लागला का?

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, हो, टाइम ऑफिस.
तिकीट नंबर चारशे बारा, शिर्के. भोंगा ऐकू आला नाही.
बिघडलाय भोंगा. घरीच थांबा, हजेरी लावलीय तुमची.
टाइम ऑफिसात बाई कधीपासून?
नवीन आहे, म्हटलं.
नीट लिहा हं, ते म्हणाले, मागची पोरं चुका करायची.

एकदा जीएसटीच्या नोटिशीपायी मी बँकेत अडकले,
फोन नुसताच वाजत राहिला.
म्हातारा थेट स्टेशनापर्यंत गेला.
किरीट धावला तेव्हा मशीन चालूच होतं, तार सुटत होती.
त्या रात्री मी फोन केबिनमधून काढून
बाहेर, सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

परवा हजेरीचं रजिस्टर उघडलं.
सात नावांखाली
चंदूच्या गुजराती अक्षरात, तेलकट अंगठ्यासकट:
चारशे बारा. हजर.

आज बुधवार.
कसे आहेत बाबा, मी विचारलं.
घरीच आहेत, किरीट म्हणाला,
एकेक वेढा बोटानं दाबत.
भोंगा बिघडलाय म्हणतात.